हद्दीपलीकडची खोली

आपल्याच खोलीचं कुलूप काढण्याआधी ते कडी वाजवायचे. दोनदा, हळूच. मग थोडं थांबायचे आणि खिशातून किल्ली काढायचे. आत कोणी नसायचं. बाहेरून कुलूप आहे म्हणजे आत कोण असणार? मी एकदा हसत हसत तसं विचारलं, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेरून आलेल्या मानसानं घराला वर्दी द्यावी, बापू. घराचं बी काय काय चाललेलं असतंय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबद्दल सांगताना आपण आधी हसतो आणि मग गप्प होतो. मी मात्र बरीच वर्षं नुसता गप्पच राहिलो. तुमच्याकडे मागं ते पाणीवाले राहायचे, ते हल्ली कुठं असतात, असं जुन्या गल्लीतल्या कोणी विचारलं की मी म्हणायचो, "मुलीकडे गेले, जालन्याला." आणि विषय बदलायचो. ते खोटं नव्हतं. पण त्या वाक्याच्या आधी जे आहे ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

ते महापालिकेत लाईनमन होते. आमच्या शहरात राहिला असाल तर लाईनमन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. नसाल तर सांगतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा कोणीतरी रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलून, छातीइतक्या उंच चावीनं खालचा व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. तो कोणीतरी म्हणजे लाईनमन. आमच्या भागात हळदीचा दिवस, बारशाचा दिवस, एवढंच काय गोधड्या धुवायचा दिवससुद्धा यांना विचारून ठरायचा. बायका त्यांना रस्त्यात अडवायच्या. उद्या पाहुणे येणार आहेत काका, पाणी नाही आलं तर त्यांचे हात काय मातीनं धुवायचे का, असं तोंडावर विचारायच्या. ते चावी खांद्यावर टाकून तसेच चालत राहायचे आणि म्हणायचे, "दमानं. टाकी भरतीय."

दमानं हा त्यांचा शब्द होता. रिक्षावाल्याला दमानं, अंगावर येणाऱ्या कुत्र्याला दमानं, टीव्हीवर भांडणाऱ्या पुढाऱ्यांनाही दमानं. समोरचा जितका चढेल तितके हे हळू बोलायचे. एका हॉटेलवाल्यानं एकदा भर चौकात त्यांना आईवरून शिवी दिली, आमच्याच लाईनीला प्रेशर का नाही म्हणून. यांनी खांद्यावरची चावी उतरवली आणि त्याच्यापुढे धरली. म्हणाले, "घे. फिरव. तुझ्या लाईनला सोड सगळं. मंग वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या येतील, त्यांच्याशी तूच बोल." हॉटेलवाल्यानं हात मागं घेतले. संध्याकाळी यांना बोलावून भजी खाऊ घातली. यांनी खाल्ली, आणि त्याच्या लाईनीचं प्रेशर होतं तेवढंच ठेवलं.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. दार बोळात उघडायचं. तिथं ते आणि काकू भाड्यानं राहायचे, मला कळायला लागलं त्याच्या आधीपासून.

लग्न नवं असताना त्यांना शहरात खोली मिळत नव्हती. नोकरी पक्की होती, माणूस सुपारीसुद्धा न खाणारा. पण घरमालक आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवायचं, अरे, ही खोली तर आपण भाच्यासाठी ठेवली आहे. आमच्या वडिलांनीही आडनाव विचारलं होतं. तरी त्यांनी खोली दिली. हा त्यांच्या मनाचा मोठेपणा होता असं मी इथं लिहिणार होतो. पण आता खरंच लिहायचं ठरवलंय, तर सांगतो, वडिलांचा हिशेब साधा होता. लाईनमन घरात, म्हणजे पाणी घरात.

झालं उलटंच. राहायला आल्यावर यांनी आमची गल्ली वेळापत्रकात सगळ्यात शेवटी टाकली. वडिलांनी कारण विचारलं, तर म्हणाले, लोक म्हनतील मालकाला पहिलं पाजतोय. आई पुढे कितीतरी वर्षं वडिलांना त्यावरून टोमणे मारायची, विहीर विकत घेतलीत आणि दोर विसरलात म्हणायची.

खोली देताना कागद वगैरे काही झाला नाही. बोळात कपडे वाळत घालायचे नाहीत आणि रात्री रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही, एवढाच करार. त्यांनी आत बाबासाहेबांचा फोटो लावला. बाहेर दाराला पत्र्याची पाटी ठोकली, स्वतःच रंगवलेली. अक्षरं निळी, आणि आडनाव नावापेक्षा थोडं मोठं.

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांना त्या खोल्या परत हव्या झाल्या. ते त्यांनी यांना सरळ सांगितलं. यांनीही वाईट वाटून न घेता नवी जागा शोधायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी काकूंना घेऊन निघायचे, पार शहराच्या टोकाला हर्सूलपर्यंत जाऊन आले. पुन्हा तेच. आडनाव, आणि मग भाचा. शेवटी एक दिवस ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मालक, खोली भेटंना. तुम्ही कोर्टात जावा. माझा राग न्हाई."

वडील कोर्टात गेले. आणि इथून पुढचं आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच स्कूटरवरून कोर्टात जायचे. वडील पुढे, हे मागे. दोघं एकाच ठिकाणी चाललोय, तर तुम्ही उन्हात पायी कशाला, असं वडिलांचं म्हणणं. कोर्टात पोचलं की हे आपल्या वकिलाकडे, ते आपल्या वकिलाकडे. आत एकमेकांविरुद्ध काय बोलायचं ते बोलायचे आणि पुन्हा स्कूटर स्टँडवर भेटायचे. आमचे वकील कावले. म्हणाले, अहो, निदान कोपऱ्यावर तरी उतरवत जा त्यांना, जज खिडकीतून बघतात. तेव्हापासून वडील त्यांना अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवायचे. एकदा तारीख नेमकी आमच्या भागाच्या पाण्याच्या दिवशी आली. यांची पंचाईत झाली. वडिलांनीच आपल्या वकिलाला सांगितलं, पुढची तारीख घ्या, आज आमच्याकडे पाणी आहे.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आम्हाला खोल्या मिळाल्या नाहीत तर आमची अडचण होईल हे कोर्टाला मान्य होतं. पण त्या गेल्या तर त्यांना दुसरी जागा नाही, म्हणजे त्यांची अडचण जास्त, असं कोर्टानं म्हटलं. परत येताना कचेरीसमोर वडिलांनी स्कूटर थांबवली. "जिंकलात. चहा तुमच्याकडं," म्हणाले. यांनी चहा सांगितला आणि हात जोडले, माफ करा मालक म्हणून. वडील म्हणाले, कायद्यानं हरलोय मी, तुम्ही कशाला माफी मागता? मग वडिलांनी उसनवारी करून माडी बांधली, मी वर राहायला गेलो, आणि खोल्यांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

यांनी मात्र तो निकाल जपला. बढाई म्हणून नाही. कोणी भाडेकरू रडत आला की उद्या पाणी कधी सुटणार हे सांगावं तसं सांगायचे, "घाबरू नको. भाडेकरूला असं काढता येत न्हाई. मी सोता जिंकलोय." सरकारी शिक्क्यानं त्यांच्या बाजूनं बोलल्याची आयुष्यातली बहुधा तीच एक वेळ होती.

वडील गेले, काकू गेल्या, हे निवृत्त झाले. मी तोवर बजाजनगरला प्लॉट घेऊन खोल्या काढल्या होत्या. मधे पॅसेज, दोन्ही बाजूंनी खोल्या, वर तेच. कंपन्यांत काम करणारी मुलं, नवी जोडपी, परभणी-हिंगोलीकडून आलेली. तिथल्या मालकांची एक रीत आहे. कागद अकरा महिन्यांचा. अकरा महिने भरले की भाडेकरूनं सामान उचलून समोरच्या खोलीत जायचं, समोरच्यानं इकडं यायचं, आणि नवा कागद. कोणाचं बूड एका जागी टेकू द्यायचं नाही, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी इथं इतकी वर्षं राहतोय. त्या रविवारी सगळा पॅसेज कॉट, सिलिंडर आणि कूलरनी भरून जातो. पोरांना ती जत्रा वाटते. मलाही कधी त्यात काही गैर वाटलं नाही. वडिलांची केस मी जवळून पाहिली होती. त्यातून मी एवढंच शिकलो होतो.

मी वकील नाही, पण शहरातला आणि तिथला फरक मला वकिलानं नीट समजावून दिला होता. जुन्या भाडेकरूला जपणारा तो कायदा शहराच्या हद्दीपुरता. छावणी ओलांडली, नगर नाका गेला, गोलवाडी मागं पडली आणि तुम्ही बजाजनगरात शिरलात, की ती ग्रामपंचायत. तो कायदा तिथं लागत नाही. मुदत संपल्यावर अडचण कोणाची जास्त, हे तिथं कोणी तागडीत घालून बघत नाही. रस्ता तोच, रिक्षा तीच. पण शहरात ज्याला कोर्टातूनसुद्धा हलवता आलं नाही, तो माणूस एवढा रस्ता ओलांडून आला की नुसता मुदतीचा पाहुणा.

आमच्या जुन्या घराला बिल्डर आला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, मागं भाडेकरू आहे का? असेल तर त्याला नव्या बिल्डिंगीत जागा द्यावी लागेल, ती तुमच्या वाट्यातून जाईल. नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

मी बघितलं.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, काका, मागची भिंत ओल धरून फुगली आहे, तुळई गेली आहे, दुरुस्ती काढावी लागेल. वर्षभर तुम्ही बजाजनगरला आपल्याच खोल्यांत चला. भिंत खरंच फुगलेली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. मग विचारलं, "परत यायचं न?"

"काका, घर तुमचंच आहे," मी म्हणालो.

हे वाक्य बोलताना मला सगळं माहीत होतं. बिल्डरशी बोलणं झालं होतं. हद्द माहीत होती. हे आपणहून उठून गेले आणि तिकडच्या कागदावर सही केली की त्यांच्या जुन्या निकालाला काही अर्थ उरत नाही, हेही वकिलाला विचारून झालं होतं. मी रागात नव्हतो, अडचणीत नव्हतो. मला एक फ्लॅट जास्त हवा होता, एवढंच.

कागद पुढे केला तेव्हा ते म्हणाले, तुझ्या वडलांच्या टायमाला लागला न्हवता. आता नियम झालाय, मी म्हणालो. ते रोज पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे होते. चष्मा कपाळावर होता. तो त्यांनी खाली घेतला नाही. माझ्यासमोर कागद वाचायला घेणं त्यांना बरं दिसलं नसणार. सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

टेंपोत सामान चढवताना मात्र एक बोलले. पाटी दारावरून काढून काखेत धरली होती. हसून म्हणाले, "बापानं कोर्टातून काढलं तर न्हाई निघालो. पोरानं चहा पिऊन काढलं." टेंपोवाला हसला. मीही हसलो. माझं हसू जरा लांबलं.

बजाजनगरला ते रमले नाहीत, पण तक्रार केली नाही. म्हणायचे, हितं पानी टायमाला येतंय, मंग कोन कुनाला हाक मारनार? सकाळी उठून सवयीनं रस्त्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत जायचे, झाकण बघायचे, परत यायचे. तिथला लाईनमन तरुण होता. यांनी त्याच्याशी ओळख काढली आणि चावी जमिनीत नीट उभी कशी धरायची म्हणजे कंबर धरत नाही, ते त्याला दाखवलं. तो ऐकून घ्यायचा आणि कानात पुन्हा मोबाईलची वायर घालायचा.

अकरा महिने भरले. मी त्यांनाही समोरच्या खोलीत जायला सांगितलं. सगळ्यांना एक नियम आणि यांना वेगळा, असं दिसू नये म्हणून. त्यांना ती गंमतच वाटली. "लंगडी झाली, खो-खो झाला, आता हे काय काढलंस," म्हणाले. पाटी काढली, समोरच्या दारावर बसवली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, भिंतीचं कुठपर्यंत आलंय?

"दमानं, काका," मी म्हणालो.

त्यांचाच शब्द मी त्यांना दिला. ते मान हलवून आत गेले. तेव्हा आमच्या जुन्या घराच्या जागी पायाचा खड्डा खणून झाला होता.

दुसऱ्या वर्षीही तसंच.

त्यांच्या शेजारच्या खोलीत एक जोडपं होतं. मुलगा हिंगोलीकडचा, कंपनीत कामाला, बायको आणि तान्हं पोर. त्यांचे अकरा महिने संपत आले तेव्हा मला ती खोली रिकामी हवी होती, कारण दुसरा माणूस जास्त भाडं द्यायला तयार होता. मी त्यांना समोरची खोली न देता सरळ जायला सांगितलं. मुलगा आधी हो म्हणाला. मग अचानक नाही म्हणायला लागला. पोर लहान आहे, आत्ता हलता येणार नाही, आणि तुम्हाला आम्हाला असं काढता येत नाही, असं म्हणाला. ते वाक्य मी ओळखलं. ते कोणाचं आहे हे विचारायची गरज नव्हती.

रविवारी मी दोन माणसं घेऊन गेलो. मुलगा ड्युटीवर होता. कॉट, पेटी, भांडी, पाळणा पॅसेजमध्ये काढून ठेवलं आणि खोलीला माझं कुलूप घातलं. असं कुलूप घालणं तिथल्याही कायद्यात बसत नाही. काढायचं तर तिथंही कोर्टातूनच काढावं लागतं. पण काकांसारखं कोर्टात टिकून राहणारं तिथं कोण होतं? ती मुलगी पोराला घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. मोबाईलवर नवऱ्याला लावत राहिली, आणि कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत.

ते आपल्या खोलीतून बाहेर आले. आधी सामान बघितलं, मग कुलूप, मग मला.

"बापू, हे असं करता येत न्हाई."

"तुम्ही मधे पडू नका, काका."

"मी सांगितलंय त्यांला. भाडेकरूला काढता येत न्हाई. तुला ठावं हाय, तुझे वडील सोता—"

"ते शहरात," मी म्हणालो. "हे शहर नाही. इथं तो कायदा नाही."

मला ते बोलायचं नव्हतं. त्यांना गप्प करायचं होतं, म्हणून बोललो.  पॅसेजमध्ये कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. ते कुलपाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, म्हणाले, "मंग माझं?"

मी मोबाईल काढला आणि कोणाचा तरी फोन आल्यासारखा कानाला लावला. फोन आला नव्हता. पॅसेजच्या टोकापर्यंत "हो, हो" करत गेलो. तिथं उभा राहून मागं पाहिलं तर ते पाळणा उचलून स्वतःच्या खोलीत नेत होते. मग पेटी ओढत नेली. त्या मुलीला म्हणत होते, "चूक माझी हाय, पोरी. मला हितलं ठावं न्हवतं. नवरा येईस्तोवर आत बस." त्यांना आपली चूक कळली आणि ती कबूलही करून झाली, तेवढ्या वेळात मी जिना उतरून गाडीला किक मारत होतो.

दुसऱ्या दिवशी ते शहरात गेले, जुन्या घरी. हे मला गल्लीतल्यांनी नंतर सांगितलं. तोवर तिथं बिल्डिंगचे मजले चढत होते. बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे उभे होते म्हणे. वॉचमननं कोण पाहिजे विचारलं, तर कोणी नाही म्हणाले. ओळखीच्या एकीनं वर चहाला बोलावलं, तर आज टाईम न्हाई म्हणाले. त्यांना टाईम नाही असं त्या गल्लीनं पहिल्यांदा ऐकलं.

भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. कोर्टात गेले असते, तर मी त्यांना गाडीवरून नेलंही असतं, असा एक विचार तेव्हा मनात येऊन गेला. स्वतःबद्दल तो चांगला विचार वाटावा इतका मी निर्लज्ज होतो. महिनाअखेर त्यांनी फोन केला, किल्ली घ्यायला ये. गेलो तेव्हा टेंपो भरलेला होता. हिंगोलीच्या जोडप्याला त्यांनी तोवर दुसरीकडे खोली बघून दिली होती.

मी म्हणालो, काका, तुम्ही राहा. जन्मभर राहा. तुमच्याकडून मला कागदसुद्धा नको.

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "कागद नसताना तुझ्या बापाकडं बत्तीस वर्षं झोपलो. एक रात भीती वाटली न्हाई."

आणि टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

जालन्याला त्यांची मुलगी आहे. तिच्या घरात ते राहिले नाहीत, जवळच एका जुन्या माणसाची खोली भाड्यानं घेतली. साधारण वर्षानं मी तिथं गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. बदनापूर येईपर्यंत ती पाठ होती.

खोली लहान होती, उजेड चांगला होता. मला बघून त्यांनी उठून पाणी दिलं, तुझी तब्येत उतरली म्हणाले, सुनबाईची चौकशी केली. मी खोलीभर पाहिलं. भिंतीला फोटो होता. बाकी सगळं सामान दोरीनं बांधलेलं. गादीची वळकटी, भांड्यांचं पोतं, पुस्तकांचा खोका, सगळं भिंतीशी रांगेत. वापरायला दोन भांडी आणि एक सतरंजी तेवढी बाहेर. मला वाटलं, नुकतेच आले असावेत, किंवा कुठं निघाले असावेत. तसं विचारलं.

"न्हाई. आल्यापासून हे असंच," म्हणाले. "सोडायचं आन परत बांधायचं. हात भरून येतात आता."

मालकानं कागद केलाय का, मी विचारलं. न्हाई, तोंडी हाय, म्हणाले. मला एकदम हायसं वाटलं. म्हणालो, मग काका, सामान सोडा. हे जालना शहर आहे. इथं तो कायदा लागतो, आपल्या शहरातला. कागद नसला तरी तुम्ही भाडेकरू आहात. उद्या मालकाच्या मनात आलं तरी तुम्हाला असं काढता येत नाही.

ही मी त्यांना खरी सांगितलेली गोष्ट होती. वकिलाला विचारून खात्री केलेली.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मी पाठ केलेलं सगळं बोललो असतो. नुसतं कुतूहल होतं.

"कोन म्हनतंय?" त्यांनी विचारलं. "तू?"

मी चहा प्यायलो. जुन्या गल्लीतल्या कोणाकोणाच्या गोष्टी सांगितल्या. ज्यासाठी गेलो होतो ते बोललो नाही. निघताना ते दारापर्यंत आले आणि गाडी दमानं चालव म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला काही दिवसांनी कळलं. मुलीला फोन केला. तिला माझ्याबद्दल काही माहीत नसावं. ती मला दादा म्हणत होती, बाबा तुमच्या वडिलांचं नाव नेहमी काढायचे म्हणत होती. दोघांच्या स्कूटरची गोष्ट सांगताना ती थोडी हसलीही. मग म्हणाली, खोली रिकामी करायला आम्ही गेलो, तर काही करावंच लागलं नाही. सगळं बांधून ठेवलेलं होतं, नुसतं उचलायचं. शेवटची सतरंजीसुद्धा घडी करून दोरीत खोचलेली. आणि मग तिनं विचारलं, "दादा, बाबा कुठं निघाले होते का हो? तुम्हाला काही बोलले होते?"

मी नाही म्हणालो.

ते कुठं निघाले नव्हते, ताई. कोणीतरी येईल आणि काढेल, म्हणून ते बांधून बसले होते. आणि तो कोणीतरी मी आधीच येऊन गेलो होतो.